हरवलेली मैफल बहुधा कपाटातच असते

जानेवारी २००५. वॉशिंग्टनच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या ग्रंथालयात लॅरी अ‍ॅपलबॉम हे ध्वनिमुद्रणाचे जाणकार जुन्या फितींच्या डिजिटल प्रती करण्याच्या कामात होते. फिती 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीच्या. खोक्यांवर कार्नेगी हॉल, जॅझ, १९५७ असा त्रोटक मजकूर आणि एका खोक्यामागे कुणीतरी हाताने लिहिलेले 'टी. मंक'. फीत फिरू लागली आणि पियानोच्या जोडीने एक सॅक्सोफोन ऐकू आला. तो जॉन कोल्ट्रेनचा होता. थेलोनियस मंक आणि कोल्ट्रेन १९५७ मध्ये काही महिने एकत्र वाजवत होते. त्या दिवसांच्या आठवणी जॅझच्या रसिकांत पुष्कळ होत्या, पण ऐकायला मिळणारे फारच थोडे होते. २९ नोव्हेंबर १९५७ ची ती मैफल फितीवर व्यवस्थित शाबूत होती. काही महिन्यांत तिची सीडी निघाली आणि हरवलेला खजिना सापडल्याची बातमी जगभर झाली.

पण ती फीत हरवली कुठे होती? एका मोठ्या, सुसज्ज ग्रंथालयात, नीट खोक्यात घालून ठेवलेली होती. सत्तेचाळीस वर्षांत ती कुणी ऐकली नव्हती, एवढेच.

अशा शोधांची यादी पाहिली की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज गेट'मध्ये केलेल्या वादनाची फीत त्याच शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात निघाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसरत फतेह अली खाँ यांनी १९९० मध्ये गायलेल्या कव्वाल्या 'रिअल वर्ल्ड' या कंपनीला २०२१ मध्ये आपल्याच साठ्यात मिळाल्या. 'चेन ऑफ लाइट' या नावाने त्या २०२४ मध्ये बाहेर आल्या. अडगळीच्या खोलीतल्या धुळकट ट्रंकेची कल्पना रम्य खरी, पण हरवलेली ध्वनिमुद्रणे बहुतेक वेळा सापडतात ती कपाटातच, आणि सापडतात म्हणजे अखेर कुणीतरी ती ऐकते.

म्हणून ध्वनिफितींचे जतन हे केवळ वस्तू सांभाळण्याचे काम नव्हे. फीत, ती वाजवणारे यंत्र आणि तिच्यात कोण, कुठे, काय गाते आहे याची ओळख या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हाताशी असाव्या लागतात. यांतली एक जरी निसटली तरी उरलेल्या दोन निरुपयोगी ठरतात.

साडेतीन मिनिटांची सक्ती

फितीने आपल्या संगीताला काय दिले, हे कळायला तिच्या आधीचा काळ पाहावा लागतो. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांच्या गाण्याबद्दल मराठीत भरभरून लिहिले गेले, पण ऐकायला काहीही नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत होते. ध्वनिमुद्रिकांचा धंदा तोवर चांगला चाळीस वर्षांचा झाला होता, तरी त्यांचा आवाज तबकडीवर उतरला नाही. त्यांची गायकी आपण ऐकतो ती शिष्यांच्या गळ्यातून.

ज्यांनी तबकड्या दिल्या त्यांच्यापुढे वेगळी अडचण होती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. विलंबित ख्यालाची बढत करायला जिथे तास अपुरा पडतो, तिथे एवढ्या वेळात राग मांडायचा, तर अस्ताई-अंतरा म्हणून थेट तानांकडे वळावे लागे. अब्दुल करीम खाँसारख्या गायकांनी तेवढ्यातही रंग भरला हे त्यांचे कसब. पण ते मैफलीचे गाणे नव्हते. १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सुवर्णतबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, तीही साडेतीन मिनिटांची. बैठकीत ज्या बाई श्रोत्यांना तासन् तास खिळवून ठेवत, त्यांच्या गाण्याचा एवढाच नमुना पृथ्वीबाहेर गेला आहे.

ही सक्ती फितीने मोडली. फीत लांब असते, स्वस्तात कापता-जोडता येते, पुसून पुन्हा वापरता येते आणि ती चालवायला कंपनीचा स्टुडिओ लागत नाही. पहिल्यांदाच पूर्ण मैफल, म्हणजे तानपुरे जुळवण्यापासून भैरवीपर्यंत, मधली दाद, फर्माइशी, गायकाचे बोलणे, तबल्यावर हातोडी पडल्याचा आवाज, हे सगळे घरी नेता येऊ लागले.

तारेवरून फितीवर

ध्वनी चुंबकत्वाच्या रूपात साठवता येतो हे डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सन यांनी १८९८ मध्ये पोलादी तार वापरून दाखवले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या यंत्रावर ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ काही वाक्ये बोलले. जगातल्या सर्वांत जुन्या चुंबकीय ध्वनिमुद्रणांत ते मोडते आणि आजही ऐकता येते. तारेची जागा फितीने घेतली ती जर्मनीत. फ्रिट्झ प्फ्लॉयमर यांनी १९२८ च्या सुमारास कागदी पट्टीवर लोहाची भुकटी चिकटवली. पुढे 'एईजी' आणि 'बीएएसएफ' या कंपन्यांनी ती कल्पना वाढवून १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' मांडला. १९ नोव्हेंबर १९३६ रोजी लुडविगसहाफेनला सर थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाची मैफल या यंत्रावर मुद्रित झाली.

तेव्हाच्या फितीत खरखर फार होती. १९४० च्या सुमारास एक युक्ती सापडली. मूळ ध्वनीबरोबर माणसाला ऐकू न येणारी, अतिशय उच्च वारंवारतेची विद्युतलहर मिसळली, तर फितीवरचे चुंबकीय कण मूळ ध्वनीला नेमका प्रतिसाद देतात. या 'बायस'मुळे फितीचा आवाज एकदम स्वच्छ झाला. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्यातले जॅक मलिन यांनी जर्मनीतून दोन यंत्रे मायदेशी नेली. गायक बिंग क्रॉस्बी यांनी त्यांच्यावर आपले रेडिओ कार्यक्रम मुद्रित करायला घेतले आणि फितीचा जगभर प्रसार झाला.

फितीची रचना साधी आहे. खाली प्लॅस्टिकचा पातळ पट्टा, त्यावर लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण आणि ते कण पट्ट्याला धरून ठेवणारा चिकट द्रव्याचा थर. फीत यंत्राच्या 'हेड'समोरून सरकते, तेव्हा ध्वनीबरोबर बदलणारे चुंबकीय क्षेत्र या कणांच्या चुंबकत्वाची मांडणी बदलते. वाजवताना तीच मांडणी हेडमध्ये वीज निर्माण करते. पुढच्या साऱ्या दुखण्यांचे मूळ या तीन घटकांत आहे.

स्पूलवाले रसिक

आपल्याकडे फितीचे पहिले मोठे घर म्हणजे आकाशवाणी. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि एकेका कलावंताचे दीर्घ गायन-वादन देशभर ऐकू जाऊ लागले. १९५३ मध्ये पुणे केंद्र सुरू झाले आणि १९५५ च्या रामनवमीपासून तिथून 'गीतरामायण' प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांची आणि सुधीर फडक्यांची ही ५६ गीते आज बहुतेकांच्या कानात आहेत ती फडक्यांच्याच आवाजात, कारण पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या तशा. रेडिओवर मात्र माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके असे अनेक आवाज होते. ते मूळ रूप आपल्यापर्यंत पोहोचले ते फितीवर राहिल्यामुळे.

दुसरे घर रसिकांचे. पन्नास-साठच्या दशकांत पुण्या-मुंबईतल्या काही घरांत ग्रुंडिग, फिलिप्स, पुढे आकाई, सोनी यांची यंत्रे आली. ती जड, महाग आणि परदेशातून आणावी लागणारी. मैफलीच्या ठिकाणी एक गृहस्थ पुढच्या रांगेशेजारी यंत्र घेऊन बसलेले असत. गायकाची परवानगी कधी आनंदाने मिळे, कधी डोळ्यांनी. यजमानांना प्रत द्यायची आणि बाहेर वाटायची नाही, असा अलिखित करार असे आणि तो यथावकाश मोडत असे.

सात इंची स्पूलवर साधारण ३६६ मीटर फीत मावते. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने ती बत्तीस मिनिटे चालते, साडेनऊच्या वेगाने तासाहून थोडी जास्त. घरगुती यंत्रे फितीच्या रुंदीचा अर्धा भाग जाताना आणि अर्धा येताना वापरत, म्हणून एका स्पूलवर दोन तासांची बैठक बसे. वेग कमी केला की फीत वाचे, पण आवाजातला बारीक उजाळा जाई. फीत महाग असल्याने बहुतेकांनी काटकसर केली आणि काहींनी जुनी मैफल पुसून नवी घेतली. आपल्या सांगीतिक वारशाचा एक भाग हवामानाने नव्हे, तर या काटकसरीने गेला आहे. घरांतच नव्हे, जगभरच्या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थांतही फिती पुसून वापरणे हा रिवाज होता; बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेचे नव्वदहून अधिक भाग त्यामुळेच आज उपलब्ध नाहीत. मात्र त्या सगळ्या भागांचा आवाज शिल्लक आहे. तो घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या चाहत्यांनी वाचवला.

१९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ती भारतात सर्वत्र झाली. खासगी संग्रहांतले गाणे स्पूलवरून कॅसेटवर उतरू लागले, हातोहात फिरू लागले. पुण्याच्या 'अलूरकर म्युझिक हाउस'ने शरच्चंद्र आरोळकरांसारख्या, मोठ्या कंपन्यांच्या यादीत क्वचितच दिसणाऱ्या गायकांच्या कॅसेट काढल्या. रसिकांच्या कपाटातले गाणे दुकानात येऊ शकते, हे त्यातून दिसले.

फितीची दुखणी

सर्वांत जुन्या फितींचा पट्टा सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असे. उष्णता आणि दमटपणात तो हळूहळू विघटित होतो आणि त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटते. खोका उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर हा आजार लागला आहे असे समजावे. फीत आक्रसते, वाकडी होते, ठिसूळ होते. बाहेर पडणारे आम्ल शेजारच्या चांगल्या फितींनाही बाधते, म्हणून अशी फीत आधी वेगळी काढायची. अ‍ॅसिटेट ओळखण्याची खूण सोपी आहे: स्पूल उजेडासमोर धरला तर गुंडाळीतून प्रकाश झिरपतो. पॉलिएस्टरच्या गुंडाळीतून तो जात नाही. ताण बसल्यावर अ‍ॅसिटेटची फीत कट्‌कन तुटते, म्हणजे जोडता तरी येते. पॉलिएस्टरची ताणली जाते आणि तिथला आवाज कायमचा बिघडतो.

दुसरे दुखणे नव्या फितींचे. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत काही नामांकित कंपन्यांनी कण धरून ठेवण्यासाठी जे पॉलियुरेथेन वापरले, ते हवेतले पाणी शोषते. पावसाळ्यात पापड सादळावा तशी फीत सादळते. यंत्रावर लावली की ती हेडला चिकटते, किंचाळल्यासारखा आवाज करते आणि तपकिरी थर मागे ठेवून जाते. तो थर म्हणजे गाणेच. उपाय विचित्र वाटेल, पण प्रयोगशाळेत तो नित्याचा आहे: फीत साधारण ५० ते ५५ अंश सेल्सियसच्या नियंत्रित, कोरड्या उष्णतेत काही तास ठेवायची. चिकटा तात्पुरता आटतो आणि पुढचे काही आठवडे फीत वाजवता येते, तेवढ्यात प्रत करायची. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग कधीही करू नये. तापमान नियंत्रणात राहत नाही, आणि अ‍ॅसिटेटच्या फितीला तर ही उष्णता मारकच ठरते. यातली गंमत अशी की साठ वर्षांपूर्वीचा साधा घरगुती स्पूल आज थेट वाजतो आणि १९८० च्या सुमाराची उंची स्टुडिओ-फीत वाजत नाही, असे अनेकदा घडते.

कोकणपट्टीत आणि मुंबईत बुरशी हा तिसरा शत्रू. गुंडाळीच्या कडेला पांढरे तंतू दिसले तर ती फीत यंत्रात घालायची नाही. बुरशीचे कण यंत्रात शिरून पुढच्या प्रत्येक फितीवर जातात आणि माणसाच्या छातीलाही ते चांगले नाहीत.

एक दोष मात्र रसिकांच्या ओळखीचा असतो, कारण तो ऐकू येतो. गुंडाळलेल्या फितीचे थर एकमेकांना चिकटून वर्षानुवर्षे राहतात आणि एका थरावरचे चुंबकत्व शेजारच्या थरावर अंधुक उमटते. त्यामुळे गायकाने षड्ज लावण्यापूर्वी एक-दोन सेकंद त्याच षड्जाची पुसट चाहूल लागते. म्हणून जाणकार फीत वाजवून झाल्यावर तशीच, शेवट बाहेर ठेवून साठवतात. मग ही उमट प्रामुख्याने मूळ स्वरानंतर येते आणि त्याच्याच आसेत झाकली जाते.

उतरवून घेणे

फितीवरून डिजिटल प्रत करणे म्हणजे एक वायर जोडून बटण दाबणे, असा समज असतो. खरे काम बटणाच्या आधीचे आहे.

प्रथम फीत कशी मुद्रित झाली ते ओळखायचे. पूर्ण रुंदीवर, अर्ध्यावर की पावावर? दोन्ही दिशांनी मुद्रित केलेली फीत चुकीच्या हेडवर लावली, तर एक मैफल सुलट आणि दुसरी उलटी अशा दोन्ही एकदम ऐकू येतात. मग हेडचा कोन. प्रत्येक घरगुती यंत्राचे हेड केसभर तिरके असायचे. वाजवणाऱ्या यंत्राचे हेड त्याच कोनात आणले नाही, तर आवाजातली वरची धार बोथट होते आणि ती नंतर कुठल्याही संगणकाने परत येत नाही. तंत्रज्ञ पेचकस हातात घेऊन, फितीच्या खरखरीकडे कान लावून, ती सर्वांत लख्ख कुठे होते ते शोधतो. प्रत्येक फितीसाठी नव्याने.

त्यानंतर वेग. यंत्राची बॅटरी उतरलेली असेल, विजेचा दाब कमी असेल, तर मुद्रण संथ होते आणि आज ते नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर गाणे वरच्या पट्टीत जाते. वेगात सहा टक्के फरक पडला की अख्खी एक पट्टी बदलते: काळी एकमध्ये गायलेला गायक पांढरी दोनमध्ये गायल्यासारखा वाटतो. इथे संगीत जाणणारा माणूस कामी येतो. त्या गायकाची त्या वयातली पट्टी कोणती, तानपुरा-तबला कुठे लागलेले आहेत, हे त्याला ठाऊक असते. दुसरा साक्षीदार वीज. आपल्याकडच्या विजेची वारंवारता सुमारे ५० हर्ट्झ असते आणि तिची बारीक घुमघुम बऱ्याच फितींवर उतरलेली असते. ती ५० च्या आसपास दिसली तर वेग बरोबर असण्याचा संभव मोठा.

याहून सूक्ष्म तंत्रही आहे. मुद्रण करताना मिसळलेल्या बायसच्या लहरीचा माग फितीवर सापडतो. तिची वारंवारता स्थिर असायला हवी होती. ती जिथे हलते तिथे फीत डगमगली. त्यावरून क्षणाक्षणाचा वेग दुरुस्त करता येतो. वुडी गथ्री या अमेरिकी लोकगायकाचा १९४९ मधला, तारेवर मुद्रित झालेला कार्यक्रम अशा संगणकीय वेगदुरुस्तीनेच ऐकण्याजोगा झाला आणि २००८ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले.

प्रत करण्याचे मान्य प्रमाण ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट असे आहे. या दर्जाचा एक तासाचा स्टिरिओ ध्वनी सुमारे दोन गिगाबाइट जागा घेतो. आजच्या काळात ही जागा किरकोळ आहे, म्हणून जतनासाठी एमपीथ्री करू नये. त्यात कमी ऐकू येणारा भाग वगळलेला असतो.

आणि मूळ प्रतीवर सफाई करू नये. खरखर काढण्याचे सॉफ्टवेअर जो आवाज सतत, एकसारखा चालू आहे त्याला गोंगाट समजते. आपल्या मैफलीत सतत, एकसारखा चालणारा आवाज तानपुऱ्याचा असतो. जास्त सफाई केली की आधी तानपुऱ्याची झणकार विरते, मग गायकाच्या आवाजाभोवतीची दालनाची हवा जाते आणि गाणे डब्यात बसून गायल्यासारखे होते. सफाई करायचीच तर वेगळ्या प्रतीवर करावी. उद्याचे सॉफ्टवेअर आजच्याहून चांगले असेल, पण त्यालाही कच्ची प्रत लागेलच.

चिठ्ठीची किंमत

समजा हे सगळे जमले. स्पूल वाजला, प्रत झाली. खोक्यावर फक्त 'तोडी, गणेशोत्सव' असे आहे. कोण गाते आहे? साथीला कोण? कोणते साल? खासगी संग्रहांतल्या फिती एकमेकांवरून उतरवल्या जातात, तेव्हा प्रत्येक पिढीत खरखर वाढते आणि नावे गळतात. एकच मैफल तीन संग्रहांत तीन तारखांनी आढळते. मग ऐकून काढावे लागते: आवाजाचे वय, बंदिश, तबल्याचा बाज, निवेदकाचे एखादे वाक्य, मागून ओरडलेली एखादी दाद.

चिठ्ठी नीट असली की काय होते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून काम करत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' म्हणजे 'पारी'ने हा संग्रह लोकांपुढे आणायला सुरुवात केली. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदलेले होते. त्यामुळे वीसेक वर्षांनी 'पारी'ची माणसे पुन्हा त्या गावांत जाऊ शकली, त्या बायांना किंवा त्यांच्या लेकीसुनांना भेटू शकली. गावोगाव जाती बंद पडली होती. नोंद नसती तर तो नुसता निनावी बायकांचा गोड आवाज उरला असता.

गुरुग्रामच्या 'आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' या संस्थेची सुरुवात १९८२ मध्ये पुण्यात झाली. परदेशी अभ्यासकांनी भारतात केलेली आणि त्यांच्या देशी नेलेली ध्वनिमुद्रणे इथे परत आणून उपलब्ध करून देणे, हा तिचा एक मुख्य हेतू. डच अभ्यासक आर्नल्ड बाके यांनी १९३८-३९ मध्ये दक्षिण भारतात केलेली ध्वनिमुद्रणे घेऊन नझीर जैराजभॉय आणि एमी कॅटलिन १९८४ मध्ये त्याच ठिकाणी गेले आणि लोकांना ती ऐकवली. गाणे ज्यांचे, त्यांना ऐकवले की नोंदीतल्या रिकाम्या जागा भरतात.

वेळ थोडा आहे

युनेस्कोने २०१९ मध्ये ध्वनि-दृश्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर चुंबकीय फितींबाबत जागतिक इशारा दिला. मोठ्या प्रमाणावर फिती वाजवणे २०२५ च्या आसपास अशक्य होईल, असा संग्रहालयांचा अंदाज त्यात मांडला होता. कारण फिती नव्हेत, यंत्रे. बहुतेक कंपन्यांनी स्पूलची यंत्रे बनवणे केव्हाच सोडले. हेड झिजतात, रबरी पट्टे आणि चाके वितळतात, दुरुस्ती करणारे निवृत्त होतात. १९८७ मध्ये आलेली 'डॅट' ही डिजिटल फीत तर जुन्या स्पूलहून जास्त संकटात आहे. सोनीने तिची यंत्रे २००५ मध्ये बंद केली, आणि खराब झालेला स्पूल निदान खरखरत तरी गातो, खराब झालेली डॅट अचानक गप्प होते.

शिवाय या कामात घाई करता येत नाही. हजार तासांचे गाणे उतरवायला हजार तास लागतात, तयारीचे वेगळे. फीत वाजेल त्याच वेगाने कुणीतरी समोर बसून ऐकायला हवे.

हक्कांचा प्रश्नही आहे. भारतीय कायद्यानुसार कलावंताचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षे आणि प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षे राहतो. फीत आपल्या घरात आहे म्हणून गाणे आपले होत नाही. पण प्रसिद्धीचा निर्णय लांबला, तरी जतन थांबवण्याचे कारण नाही. जपून ठेवलेली प्रत वारसदारांशी बोलायला वेळ देते.

आपल्या घरी स्पूल किंवा कॅसेट असतील, तर काही गोष्टी लगेच करता येतात. खोके उभे ठेवा, आडवे रचू नका. माळा आणि बाहेरची ओली भिंत टाळा. स्पीकरमध्ये चुंबक असतो, त्याच्याजवळ फीत ठेवू नका. कॅसेटच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे कान तोडून टाका, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्रावर मोलाची फीत पहिल्यांदा लावू नका. आधी बिनमोलाची लावून पाहा. ज्याला हेडचा कोन म्हणजे काय हे विचारावे लागत नाही, अशाच माणसाकडे काम द्या. प्रत झाल्यावर ती तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि मूळ फीत फेकू नका.

मात्र या साऱ्याच्या आधी करायचे एक काम आहे, आणि त्याला यंत्र लागत नाही. त्या मैफलीला हजर असलेले, खोक्यावरचे अक्षर ओळखणारे, दोन तानांत गायकाचे नाव सांगणारे कुणी घरात किंवा ओळखीत असतील, तर त्यांच्याजवळ बसून प्रत्येक खोक्यामागची हकिकत लिहून घ्या: कुणाच्या घरी, कोणत्या साली, साथीला कोण, रात्री किती वाजता सुरू झाले, कशाची फर्माइश झाली. यंत्र दहा वर्षांनीही कुठून तरी मिळवता येईल, निदान सुट्या भागांतून जुळवता येईल. ती ओळख तोवर थांबणार नाही. तंत्रज्ञ मिळेपर्यंत वाट पाहू नका, आधी वही काढा.